प्रकल्प नोंदी: शिकारीच्या शिंगाची भाषा

16 नोव्हेंबर 2024

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहिला. जो माणूस नजरेच्या टप्प्यात नाही, ज्याच्यापर्यंत हाकही पोचत नाही, त्याला रानात पलीकडे काय चाललंय ते नुसत्या शिंगावरून कसं कळायचं?

फ्रान्समध्ये घोड्यावरून, कुत्र्यांच्या मदतीने चालणारी हरणाची शिकार मैलोन्‌मैल पसरायची. कुत्रे एका अंगाला, निम्मे स्वार दुसऱ्या अंगाला, मध्ये दाट झाडी. हरीण दिसलं की एक धून. झाडी सोडून उघड्यावर आलं की दुसरी, तिला 'देब्युशे' म्हणतात. पाण्यात शिरलं की 'बा-लो', पाण्यातून बाहेर पडलं की आणखी वेगळी. शेवटी जनावर दमून कुत्र्यांच्या समोर उभं ठाकलं की 'हालाली'. जो मागे राहिला, वाट चुकला, त्यालाही कान देऊन सगळी शिकार डोळ्यांपुढे उभी करता येई. हरणाच्या वयाप्रमाणेही धुना वेगळ्या होत्या, म्हणजे शिंग 'हरीण उठलं' एवढंच सांगत नसे, कोणतं उठलं तेही सांगत असे.

शिकारीची मला ओढ नाही, हे इथेच लिहून ठेवतो. 'हालाली'ची ध्वनिफीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती इतकी उजळ, इतकी आनंदी वाटली की तिचा अर्थ कळल्यावर पोटात कालवलं. तरीही मोजक्या सुरांत इतकं सांगता येतं ही गोष्ट तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही. ते कसं जमत असेल हे स्वतः फुंकून, अंतरावरून ऐकून पाहायचं आहे.

17 नोव्हेंबर

सामान जमवलं. बागेला पाणी घालायची अर्ध्या इंचाची नळी, प्लास्टिकचं मोठं नरसाळं, बिगुलाचा जुना माउथपीस, इन्सुलेशन टेप.

फ्रेंच शिकारशिंगाची नळी सरळ केली तर 4.545 मीटर भरते. एवढ्या लांबीच्या शिंगाचा मूळ सूर अंदाजे 37 हर्ट्झला येतो. तो इतका खाली आहे की तो कोणी वाजवतच नाही. वाजतात त्याच्या पटीतले सूर: चौपट, पाचपट, सहापट, साधारण बारापटीपर्यंत. शिंगाला भोकं नाहीत, पडदे नाहीत, बोटांना काहीच काम नाही. ओठ किती आवळायचे आणि फुंक किती द्यायची, सगळा खेळ त्यावर. आपल्या भाषेत मांडायचं तर चौथा सा, पाचवा ग, सहावा प, आठवा वरचा सा, नववा रे, दहावा ग, बारावा प. सातवा कोमल नीच्या जवळचा, पण जरा उतरलेला. अकरावा शुद्ध म आणि तीव्र म यांच्या मधोमध लटकलेला. सात आणि अकरा या दोन पायऱ्या जपून वापरायच्या, नाहीतर टाळायच्या.

नळी 4.54 मीटरवर कापली. साडेतीन वेढे घातले की वेढ्याचा व्यास सुमारे 40 सेंटिमीटर होतो. वेढ्यांनी सुरात फरक पडत नाही, कारण हवेला नळीची लांबी कळते, वळण जवळपास कळतच नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्की द दांपिएर यांच्या नावाने ओळखलं जाणारं शिंग दीड वेढ्याचं होतं, म्हणजे खांद्यावरून अंगाभोवती अडकवून घोड्यावर बसण्याजोगं. 1729 च्या सुमारास अडीच वेढ्यांचं आलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साडेतीन वेढ्यांचं, आणि आजही हेच चालतं. शतकभरात नळी तेवढीच राहिली, फक्त गुंडाळी आवळत गेली. घोडा झाडीतून जाताना फांदीत अडकेल असं काहीही अंगावर नको, याहून मोठं कारण मला तरी दिसत नाही.

23 नोव्हेंबर

पहिला आवाज! नरसाळं अजून जोडलेलं नाही, नुसती नळी आणि माउथपीस. आधी अर्धा तास फक्त हवा गेली. मग ओठ थरथरले आणि नळीतून गाय हंबरावी तसा एक सूर निघाला. त्यावर एक चढला, त्यावर आणखी एक.

धाकटी बहीण आतल्या खोलीत रियाज करत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, हा गंधार नाही."

"पाचवा सूर आहे. गंधारच असायला हवा."

"असायला हवा असेल, पण नाहीये. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ऐक आणि मग हा ऐक. हा मध्यमाकडे सरकलाय."

फोनवरच्या ट्यूनरवर मोजलं. चौथा 133 हर्ट्झ, पाचवा 171, सहावा 209. गंधाराचं गुणोत्तर सव्वा हवं, माझं पावणेतेराला दहा भरलं, अगदी थोडं जास्तच. कान तिचा बरोबर होता. तंबोऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो तोही पाचपटीचाच सूर, तेव्हा तिच्याकडे माप आधीपासूनच तयार होतं. माझ्याकडे नव्हतं.

24 नोव्हेंबर

कारण सापडलं. एका टोकाला ओठांनी बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी नुसती सरळ नळी पटींची पूर्ण मालिका देत नाही, ती 1, 3, 5, 7 अशा विषम पटींवर बोलते. शिंगाला भोंगा असतो तो नुसता आवाज मोठा करायला नाही. भोंगा खालचे सूर वर ढकलतो, माउथपीस वरचे सूर थोडे खाली ओढतो, आणि दोघं मिळून त्या वेड्यावाकड्या मालिकेला सा-ग-प-सा मध्ये बसवतात. शेकडो वर्षं कारागिरांनी हे कानाने आणि हातोडीने साधलं.

नरसाळ्याची दांडी कापून टेपने पक्की बसवली. आता चौथा 143, पाचवा 181, सहावा 218. पायऱ्यांमधलं अंतर पूर्वीइतकंच, सदतीस-अडतीस हर्ट्झ. सगळा जिनाच वर सरकला आणि पायऱ्या पटींच्या जवळ येऊन बसल्या. हा आकडा वहीत लिहिताना मला खरंच आनंद झाला. एवढंसं नरसाळं, आणि त्याने नळीला स्वर शिकवले.

बहिणीला बोलावलं. डोळे मिटून ऐकलं तिने. "हार्मोनियमसारखा झालाय. जरासा चढा, पण गंधार म्हणता येईल."

30 नोव्हेंबर

दिवसभर वाचन. एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली आहे: शिंगाच्या खुणा सुरांच्या आधी लयीत जन्मल्या.

मध्ययुगातली शिकारशिंगं आखूड, बहुतेक बैलाच्या शिंगाची, श्रीमंतांची हस्तिदंताची. आखूड शिंगातून सहजपणे एकच सूर निघतो. मग 'हरीण उठलं' आणि 'हरीण मेलं' यात फरक करायचा कशाने? लांब फुंक आणि आखूड फुंक, त्यांची संख्या, त्यांच्या मधली उसंत. 1394 मधल्या एका फ्रेंच शिकारपोथीत या खुणा लिहून ठेवल्या आहेत. त्यात सुरांची चिन्हं नाहीतच. काळे-पांढरे छोटे चौकोन आहेत, कुठे लांबवायचं आणि कुठे तोडायचं एवढंच सांगणारे. सूर एकच असताना आणखी लिहायचं तरी काय? त्याच्या काही वर्षं आधी, 1387 मध्ये, फ्वाचा काउंट गास्तों फेब्यूस याने शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या एका सचित्र प्रतीत उस्ताद चेल्यांना शिंग फुंकायला आणि हाक घालायला शिकवतोय असं चित्र आहे. हाक आणि शिंग एकाच चित्रात आहेत हे मला फार बोलकं वाटलं. शिंग ही मुळात लांबवलेली हाक.

इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीत ही एकसुरी परंपरा टिकली. तिथलं शिंग तांब्याचं, सरळ, वीतभर लांब, कोटाच्या बटणांमध्ये खोचता येईल एवढं. सूर जवळपास एकच. कोल्हा झाडीतून निसटला की तुटक, भरभर, एकामागून एक फुंका. झाडी रिकामी निघाली की कुत्र्यांना बाहेर बोलावणारी लांब फुंक. दिवस संपला की घरी परतायची ओढून धरलेली, उदास फुंक. 2004 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने अशी शिकार करण्यावर बंदी आली.

माझा अंदाज आज असा आहे: अंतरावर सूर हरवतो, लय टिकते. हे तपासायचं.

1 डिसेंबर

ओठ सुजले. सुट्टी.

8 डिसेंबर

लांब नळी घेऊन रानात फिरणं अवघड, म्हणून दुसरं शिंग केलं. 1.45 मीटरची नळी, छोटं नरसाळं, तोच माउथपीस. नमुना जर्मनीतल्या प्लेस शिंगाचा. हान्स हाइन्रिख अकरावा, प्लेसचा राजपुत्र, जर्मन सम्राटाच्या दरबारी शिकारखात्याचा प्रमुख होता, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. ते प्लेस म्हणजे आजच्या पोलंडमधलं प्श्चिना. छोटेखानी, गळ्यात अडकवायचं शिंग, पितळी नळीवर चामड्याचं आवरण, बहुतेकदा हिरवं. थंडीत उघडं पितळ हातात धरवत नाही. त्यावर पाच सूर: सा, प, वरचा सा, ग, प. बस.

या पाच सुरांचा जर्मन शिकारीत जो उपयोग होतो, तो वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

सशांची घेराशिकार असते. बंदूकवाले आणि हाकारे मिळून शेतावर मोठं कडं करतात आणि आत सरकत जातात. कडं मोठं असतं तोवर ससा आत असला तरी बार टाकायला हरकत नसते. कडं लहान होत गेलं की पलीकडचा माणूस बंदुकीच्या टप्प्यात येतो. त्या घडीला शिंगावर खूण होते, अर्थ: 'हाकारे, घेरात चला'. ती ऐकली की बंदूकवाले जागच्या जागी थांबतात, हाकारे एकटे आत जातात आणि त्यापुढे आतल्या दिशेला एकही बार टाकायचा नाही. ससा कड्याबाहेर पडला तरच, आणि बाहेरच्या दिशेलाच. शेवटी 'हान इन रू' वाजतं, म्हणजे बंदुका शांत करा, हाका संपला, काडतुसं काढा.

आतापर्यंत माझ्या लेखी शिंग म्हणजे शिकारीची बातमी सांगणारं वाद्य होतं. इथे ते माणसाचा जीव वाचवतं. ती एक खूण शेजारच्या खुणेसारखी ऐकू आली, वाऱ्याने अर्धी खाल्ली, फुंकणारा दमला होता म्हणून एक सूर घसरला, तर समोरच्या माणसाच्या अंगात छर्रे. 'ऐकू येतं का' एवढं विचारून आता भागणार नाही. 'दुसरं काही असल्यासारखं तर ऐकू येत नाही ना' हे विचारायला हवं. चाचणीची आखणी त्याप्रमाणे बदलली.

मारलेल्या प्रत्येक जातीच्या जनावरासाठीही स्वतंत्र खूण आहे. हरणाची वेगळी, रानडुकराची वेगळी, सशाची वेगळी, कोल्ह्याची वेगळी. दिवसअखेर जनावरं ओळीने मांडून त्यांच्यासमोर ती वाजवतात. यात मेलेल्या जिवाला दिलेला मान आहे असं शिकारी सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही, पण न वाजवण्यापेक्षा वाजवणं बरं, हे पटतं.

15 डिसेंबर

पहिली मैदानी चाचणी. पहाटेची वेळ, मोकळा माळ, मध्ये झाडांचे दोन पट्टे. वारा जवळजवळ नाही.

आठ खुणा बनवल्या. चार खुणांची लय एकच, सूर वेगळे. उरलेल्या चारांचा सूर एकच, लय वेगळी. प्रत्येक खूण पाच वेळा, चिठ्ठ्या काढून येईल त्या क्रमाने. बहीण वही घेऊन आधी 250 मीटरवर, मग 500 मीटरवर. खूण संपली आणि तिने उत्तर लिहिलं की लाल फडकं वर करायचं, मग मी पुढची चिठ्ठी काढायची.

250 मीटरवर: सुरांच्या खुणा 20 पैकी 15 बरोबर, लयीच्या 20 पैकी 19.
500 मीटरवर: सुरांच्या 9, लयीच्या 18.

अंदाज खरा ठरला म्हणून हुरळून जावं असा निकाल. पण ऐकणारी गायिका आहे. तिला सूर ओळखता येत नाहीत असं कसं होईल? विचारलं, तर ती म्हणाली, "सूर ओळखला रे, पण खालचा सा मला पोचतच नव्हता. तुझी खूण खालच्या सावर सुरू झाली की माझ्याकडे ती मधूनच सुरू व्हायची."

बरोबर आहे. भोंगा लहान असला की खालचे सूर बाहेर पडण्याऐवजी बरेचसे नळीतच परत फिरतात. जवळ उभं राहिलं तर कळत नाही, कारण जवळ सगळंच ऐकू येतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि आधीच दुबळा असलेला सूर गवताच्या सळसळीखाली जातो. त्याच्यापुढचे सूर मागे राहतात आणि खुणेचं डोकं उडालेलं असतं.

आणखी एक साधी गोष्ट, पण प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय पटत नाही: मी फुंकणं थांबवल्यावर तिकडे शेवटचा सूर पोचायला दीड सेकंद लागतो. शिंग ओठावरून खाली येतं, सगळं शांत होतं, आणि माझा सूर अजून माळावरून चाललेला असतो.

22 डिसेंबर

मागच्या खेपेला मी निवांत उभा राहून फुंकलं. शिकारीत असं कोण फुंकतं? घोडा दौडतोय, नाहीतर माणूस चिखलातून धावत आलाय. म्हणून आज दर खुणेआधी चढावर पळत जायचं आणि लगेच फुंकायचं असं ठरवलं. वीस खुणा, वीस चढ.

वीसपैकी आठ वेळा वरचा सूर घसरला. 'ग'ला जायचं तर 'प'वर जाऊन आदळलो, किंवा 'सा'वरच अडकलो. लय मात्र एकदाही मोडली नाही. छाती भात्यासारखी चालली होती, ओठांत जोर नव्हता, तरी 'लांब, आखूड-आखूड, लांब' हे हाताने टाळी द्यावी तसं निघत होतं.

घसरण वरच का होते हेही आता समजतं. खालच्या 'सा'पासून 'प'पर्यंतची उडी मोठी, दीडपट. वर 'ग'पासून 'प'पर्यंत 1.2 पट. जिना वर जाईल तशा पायऱ्या जवळजवळ येतात आणि दमलेला पाय शेजारच्या पायरीवर पडतो. म्हणजे पेच असा: खालचे सूर पक्के लागतात पण लांब पोचत नाहीत, वरचे सूर लांब पोचतात पण हुकतात. जर्मन शिंगाने पाचच सूर घेतले, सहापटीच्या वर गेलंच नाही. यामागे हेच शहाणपण असावं असं मला आज वीस चढ चढून आल्यावर वाटतं.

अठराव्या शतकाच्या मध्यावर ड्रेस्डेनचा हॉर्नवादक हॅम्पेल भोंग्यात हात घालून मधले सूर काढू लागला, आणि वाद्यवृंदातल्या हॉर्नचं जग बदललं. पण ज्याच्या एका हातात लगाम आहे त्याला दुसरा हात भोंग्यात घालता येत नाही. रानातलं शिंग आहे त्या पायऱ्यांवरच राहिलं.

29 डिसेंबर

आजच्या दिवसाने माझा सिद्धांत मोडला.

जागा बदलली. समोर उभा कडा, माझ्यापासून अंदाजे 120 मीटर. बहीण बाजूला झाडीत, 300 मीटरवर. त्याच आठ खुणा, तशाच चिठ्ठ्या. लयीच्या खुणा 20 पैकी 11. सुरांच्या 12.

पहिल्या पाचांतच लक्षात आलं की गडबड आहे, कारण फडकं वर यायला फार वेळ लागत होता. ती लिहीत होती, खोडत होती. कड्यावरून आवाज परत यायला 0.7 सेकंद लागतात. माझ्या आखूड फुंकांमधली उसंत त्याहून लहान. प्रतिध्वनी नेमका त्या उसंतीत येऊन बसायचा. तिच्या वहीत एका ओळीत पाच आखूड फुंका लिहिल्या होत्या. मी तीनच फुंकल्या होत्या.

"माझ्या दृष्टीने खूण कुठे संपते तेच कळत नव्हतं," ती म्हणाली. "तू थांबलास की डोंगर सुरू."

घरी येऊन बराच वेळ वही उघडी ठेवून बसलो. लय टिकते, हे मोकळ्या माळावरचं सत्य होतं. लय म्हणजे आवाज आणि शांतता यांची वीण. डोंगर शांतता भरून टाकतो आणि वीण उसवते.

मग इंग्लंडमधली ती कोल्हा निसटल्याची खूण आठवली. तुटक, भरभर फुंकांची धार. तिच्यात मोजायचं काहीच नाही. प्रतिध्वनीने तीनच्या पाच झाल्या, दहाच्या वीस झाल्या, तरी ती 'भरभर'च राहते. ती खूण आकड्यांची नाही, पोताची आहे. ज्यांनी ती घडवली त्यांनी ध्वनिशास्त्र वाचलं नव्हतं. त्यांनी तीच झाडी, त्याच टेकड्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या होत्या, आणि जे ओळखू आलं नाही ते आपोआप गळून गेलं असणार.

5 जानेवारी 2025

खुणा नव्याने बांधल्या. आता कोणत्याही दोन खुणा एकाच गोष्टीने वेगळ्या नाहीत. लयही वेगळी, सुरांची चढउतारही वेगळी, आणि आखूड फुंका असतील तर मोजायला न लावणाऱ्या. एकही खूण खालच्या सावर सुरू होत नाही. गा-प ही घसरडी जोडी कुठेही निर्णायक ठेवली नाही. उडी घ्यायची तर मोठी. प्रत्येक खूण दोनदा, मध्ये दोन सेकंदांची पूर्ण शांतता, म्हणजे डोंगराला बोलून घेऊ द्यायचं. 'आत बार टाकू नका' या अर्थाची खूण सर्वांत आधी बांधली, आणि बाकीच्या तिच्यापासून जितक्या दूर नेता येतील तितक्या नेल्या.

बांधून झाल्यावर फ्रेंच धुना पुन्हा ऐकल्या. पूर्वी त्या मला नुसत्या सुरेल वाटायच्या, शोभेकडे झुकलेल्या. दांपिएर हा पंधराव्या लुईच्या पदरी शिकारीचा अधिकारी, त्याने कितीतरी धुना रचल्या, तेव्हा हा सगळा दरबारी थाट असं मी मनात धरून चाललो होतो. आज ऐकताना प्रत्येक धुनेची लय आणि चाल दोन्ही मिळून ओळख पटवतात हे दिसलं. एक हुकलं तर दुसरं हात देतं. सुरेलपणाच इथे उपयोगी पडतो, कारण चाल लक्षात राहते आणि अर्धी ऐकली तरी उरलेली मनात पुरी होते.

याच सुरेलपणामुळे हे शिंग रानाबाहेरही गेलं. 1680 च्या सुमारास बोहेमियाचा उमराव फ्रान्ट्स आन्टोन फॉन श्पोर्क पॅरिसला गेला, तिथे हे शिंग ऐकून भारावला आणि आपल्या दोन माणसांना ते शिकायला लावलं. तिथून बोहेमियात हॉर्नवादकांची परंपराच उभी राहिली. 1801 मध्ये संगीतकार हायडनने ऋतूंवरचं आपलं मोठं गायन सादर केलं, तेव्हा शरद ऋतूतल्या शिकारीसाठी त्याने खऱ्याखुऱ्या शिकारखुणाच घेतल्या. समोरच्या कित्येक श्रोत्यांना त्या अर्थासकट कळल्या असतील.

आज आणखी एक प्रयोग केला, छोटासाच. फ्रेंच वादक शिंग असं धरतात की भोंगा मागे वळलेला राहतो. आजही मंचावर ते श्रोत्यांकडे पाठ करून उभे राहतात, ते याचसाठी. स्वार पुढे, बाकीचे मागून येणारे. आवाज त्यांच्याकडे जायला हवा. लांब नळीचा भोंगा पाठीमागे वळवून 250 मीटरवरून फुंकलं, एकदा बहिणीकडे तोंड करून, एकदा पाठ करून. पाठ केली तेव्हा वरचे सूर तिला स्वच्छ आले, तोंड केलं तेव्हा बोथट. खालच्या सुरांत विशेष फरक नाही. खालचे सूर चारी बाजूंना पसरतात, वरचे भोंग्याच्या नाकासमोर जातात.

12 जानेवारी

शेवटची चाचणी. कड्यासमोर, 500 मीटरवर, दर खुणेआधी चढ पळून. म्हणजे आतापर्यंतच्या तिन्ही अडचणी एकत्र. आठऐवजी पाचच खुणा ठेवल्या, प्रत्येकी चार वेळा.

वाऱ्याने सुरुवातीला त्रास दिला. तो तिच्याकडून माझ्याकडे वाहत होता आणि समोरून येणारा वारा आवाज वर उचलून तिच्या डोक्यावरून नेतो. पहिल्या दोन फुंकांना फडकं हललंच नाही. तासभर थांबलो. वारा पडल्यावर सुरू केलं.

20 पैकी 19. चुकलेली एक म्हणजे 'सगळे गोळा व्हा'; तिने 'हाका सुरू' लिहिलं. त्या वेळी माझे दोन सूर लागोपाठ घसरले होते, मलाच फुंकताना कळलं होतं. 'आत बार टाकू नका' चारही वेळा बरोबर, आणि दुसरी कोणतीही खूण तिला तशी ऐकू आली नाही. ज्या आकड्यासाठी महिनाभर चढ चढलो तो हा.

दुरुस्ती: 'गोळा व्हा'ची सुरुवात बदलायची. पहिला सूर लांबवून पाहायचा, मगच उडी.

चिठ्ठ्या संपल्यावर यादीत नसलेली एक फुंक दिली. शिकार संपली, घरी चला, अशी. वरच्या सावर, श्वास पुरेल तितकी लांब. ठरलेलं काहीच नव्हतं, तिला सांगितलंही नव्हतं. शिंग खाली घेतलं, कड्याने एकदा उत्तर दिलं, आणि थोड्या वेळाने पलीकडे लाल फडकं घडी होऊन पिशवीत गेलं. ती चालू लागली.

नळी उलटी धरून आत साचलेलं पाणी झटकलं. साडेतीन वेढे, टेपची गाठ, नरसाळं वरच्या अंगाला.